शाळेंतील प्रसाधनविद्या

आठवींतून नववींत जाणाऱ्या मुलामुलींच्या घरीं शाळेचें नवें वर्ष सुरू होण्याच्या सुमारास एक छोटीशी सभा भरत असते. सभेला आजोबा असतात, काका-काकू असतात, कामावरून नुकतेच परतलेले वडील असतात. आणि जिच्याविषयीं सभा चाललेली असते ती मुलगी बहुधा दाराआड उभी असते. कोणता जादा विषय घ्यावा एवढाच प्रश्न असतो. संगणकाचें नांव निघालें तर कोणाची हरकत नसते. पण मुलीनें हळूच ‘ब्यूटी अँड वेलनेस’ असें म्हटलें कीं सभा क्षणभर स्तब्ध होते. ‘म्हणजे पार्लर?’ असें कोणी तरी विचारतें, आणि त्या एका शब्दांत निकाल लागून जातो. या अंकीं त्या निकालाची फेरतपासणी करावी असा आमचा विचार आहे.

प्रथम विषय काय आहे तें पाहूं. ज्यास इंग्रजींत कॉस्मेटॉलॉजी म्हणतात त्यास आम्ही येथें प्रसाधनविद्या म्हणत आहों. त्वचा, केस व नखें यांची निगा, केशभूषा आणि रंगभूषा हीं तिचीं अंगें. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत नववी-दहावीस हा विषय कौशल्यविषय म्हणून घेतां येतो. त्याच्या १०० गुणांपैकीं ५० गुण लेखी परीक्षेस आणि ५० गुण प्रात्यक्षिक कामास असतात. आमच्या राज्य मंडळाच्याहि कांहीं शाळांतून समग्र शिक्षा योजनेखालीं तो शिकविला जातो. अशा व्यवसायविषयांचा अभ्यासक्रम व पुस्तकें तयार करण्याचें काम भोपाळ येथील केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था करते; ही संस्था १९९३ सालीं स्थापन झाली. दहावीनंतर आय. टी. आय. मध्यें कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तेव्हां हा विषय कोणा हौशी शिक्षिकेच्या डोक्यांतून निघालेला नाहीं. देशाच्या शिक्षणव्यवस्थेनें विचारपूर्वक त्यास शाळेंत जागा दिली आहे.

आमच्या वाचकांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत, कारण ते आमच्याहि घरांत ऐकूं येतात. ते मुख्यतः तीन आहेत. हें काम हलकें आहे, हा पहिला. हें नुसतें नटवेपण आहे, यांत विद्या कसली, हा दुसरा. आणि या नादानें मुलीच्या पुढील शिक्षणाची वाट बंद होईल, हा तिसरा. तिन्हींचा विचार क्रमानें करूं.

विराटाच्या नगरींत अज्ञातवासाचें वर्ष काढण्याची वेळ आली तेव्हां द्रौपदीनें सैरंध्रीचें काम पत्करलें. केशरचना करणें, उटणीं वाटणें, माळा गुंफणें या कला आपणांस येतात असें तिनें राणी सुदेष्णेला सांगितलें. सम्राज्ञीच्या हातांत ही कला होती आणि संकटाच्या वर्षीं तीच तिच्या कामास आली. वात्स्यायनानें सांगितलेल्या चौसष्ट कलांत केशमर्दनाचें कौशल्य मोडतें. वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येंत अभ्यंगास मानाचें स्थान दिलें आहे. दिवाळीच्या पहांटे लागणाऱ्या उटण्यांत वाळा किती, नागरमोथा किती, कचोरा आणि आंबेहळद किती, हें घरांतील वडीलधाऱ्या बायकांस तोंडपाठ असे. मग घरांत जी गोष्ट संस्कार ठरते तीच दुसऱ्यासाठीं मोबदला घेऊन केली कीं हलकी कां ठरावी?

या प्रश्नाचें उत्तर आहे. पण तें आमच्या घरांस सुखावह नाहीं. केस कापण्याचें काम शतकानुशतकें नाभिक समाजाकडे राहिलें. जावळ असो वा मुंज असो, त्या कामावांचून आमचें एकहि कार्य पार पडलें नाहीं. आणि तरीहि तें करणाऱ्यास आम्ही ओटीच्या पायरीवरच थांबविलें. विधवांच्या केशवपनाची क्रूर रूढि आमच्या घरांतील. वस्तरा मात्र दुसऱ्याच्या हातीं द्यावयाचा. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिक बंधु एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्यास यापुढें वस्तरा लावावयाचा नाहीं असा निश्चय त्यांनीं केला. धंद्याची नीति कशास म्हणावें, हा धडा ज्यांस आम्ही अडाणी समजत होतों त्यांनीं त्या वेळीं पदवीधरांच्या घरांस दिला. ज्यांच्या हातांना एवढा विवेक सुचला त्यांचें काम हलकें म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोठून येतो?

परिचारिकेच्या कामासहि याच घरांनीं एके काळीं नाक मुरडलें होतें. परक्याचें अंग पुसावयाचें, परक्याच्या जखमा धुवावयाच्या, हें कुलीन स्त्रीचें काम नव्हे असें म्हटलें जाई. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यांत सेवासदन निघालें. तेथील स्त्रिया परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या आणि कालांतरानें तेंच काम आदराचें झालें. कोणतेंहि काम मान घेऊन जन्मास येत नाहीं. तें नीट शिकून, नीट करणाऱ्या माणसांबरोबर मान येतो.

आतां दुसरा आक्षेप. या विषयांत विद्या कसली, असें विचारणाऱ्यांनीं त्वचेपासून आरंभ करावा. त्वचा हें शरीराचें सर्वांत मोठें इंद्रिय. प्रौढ माणसाच्या त्वचेचें क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर भरतें. तिचा वरचा थर सुमारें महिन्याभरांत नवा होतो. तिचा पृष्ठभाग किंचित् आम्लधर्मी असतो. त्याचा सामू ५ च्या आसपास, तर नेहमींच्या अंगाच्या साबणाचा ९ ते १०. वारंवार साबण लावणाऱ्याचा चेहरा ओढल्यासारखा कां होतो, हें विज्ञानाच्या पुस्तकांत आम्ल व आम्लारी पाठ करून जें समजत नाहीं तें येथें बोटांना समजतें.

केसांची गोष्ट याहून मनोरंजक आहे. केस केराटिन नांवाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्यांतील गंधकाच्या बंधांमुळें त्यास आकार येतो. कुरळे केस सरळ करावयाचे किंवा सरळ केस कुरळे करावयाचे म्हणजे हे बंध एका द्रव्यानें तोडावयाचे, केसास नवें वळण द्यावयाचें आणि दुसऱ्या द्रव्यानें ते पुन्हां जोडावयाचे. तोडण्याच्या कामीं अमोनियम थायोग्लायकोलेट व जोडण्याच्या कामीं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. क्षपण व ऑक्सिडीकरण या दोन क्रिया म्हणतात त्या ह्याच. घड्याळाकडे दुर्लक्ष झालें तर केस वळत नाहीं, तुटतो. मुलीच्या हातून हें एकदां घडलें कीं ती रसायनशास्त्राचा तो धडा जन्मांत विसरणार नाहीं.

पण या विद्येचा खरा गाभा सौंदर्यांत नसून सावधगिरींत आहे. काळ्या कलपांत बहुधा पॅरा-फेनिलिन-डायअमाइन नांवाचें द्रव्य असतें. कांहीं माणसांस तें मुळींच सोसत नाहीं, डोळे व चेहरा सुजून येतो. म्हणून कलप लावण्यापूर्वीं तो कानामागें किंवा कोपराच्या आंतल्या बाजूस थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी असा नियम आहे. आमच्यांतील किती जणांनीं तो पाळला आहे? हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणु शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरूं शकतो. म्हणून एकाच्या गालावर फिरलेलें पातें दुसऱ्याच्या गालास लागतां कामा नये. कंगवा आणि टॉवेल यांतून गजकर्ण पसरतें. जंतु मारण्यास निव्वळ अल्कोहोलापेक्षां पाणी मिसळलेलें ७० टक्क्यांचें अल्कोहोल अधिक गुणकारी असतें, कारण जंतूंतील प्रथिनें नासण्यास पाण्याचीहि जोड लागते. या गोष्टी ज्या मुलीस ठाऊक आहेत ती पुढें पार्लर काढो वा न काढो, तिच्या घराचें आरोग्य तिच्या हातीं सुरक्षित राहील. मधुमेह असलेल्या आजीच्या पायाचीं नखें कशीं कापावीं, कोपऱ्यांत खोल कां जाऊं नये, हें एकत्र कुटुंबांत कोणास तरी ठाऊक असणें किती जरूरीचें आहे तें सांगावयास नको.

सावधगिरी नसली म्हणजे काय होतें याचें एक उदाहरण केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत दिसून आलें. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत तेथील डॉक्टरांकडे मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आले. त्यांपैकीं १५ जणांच्या विकाराचा प्रकार एरवीं विरळा आढळणारा होता. आणि त्या १५ पैकीं १३ जण गोरेपणाचीं क्रीमें वापरीत होते. अशा क्रीमांतील पारा त्वचेंतून रक्तांत जातो आणि मूत्रपिंडास इजा करतो. आमच्या देशाच्या २०२० च्या प्रसाधन-नियमांप्रमाणें डोळ्यांभोंवतीं लावण्याच्या वस्तु वगळतां कोणत्याहि प्रसाधनांत नकळत आलेला पाराहि दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असतां कामा नये. नियम आहे; पण डबीवर कारखान्याचें नांव नाहीं, घटक लिहिलेले नाहींत, तरी ती विकली जाते आणि घेतलीहि जाते. डबी उलटून पाहण्याची संवय लावणारा शाळेंत एक तरी तास असावा, असें आम्हांस वाटतें तें यामुळें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गोरेपणाच्या डबीचें गिऱ्हाईक केवळ बाजारानें निर्माण केलेलें नाहीं. ‘गोरी, सुस्वरूप’ हे शब्द वधूवर-सूचक जाहिरातींत कोणी घातले? त्वचेचा सांवळा रंग ज्या मेलॅनिनानें येतो तें उन्हांतील अतिनील किरणांपासून शरीराचें रक्षण करतें, हें प्रसाधनविद्येच्या पुस्तकाच्या आरंभींच येतें. मुलगी तें शाळेंत वाचील आणि घरीं येऊन आत्याच्या तोंडून ‘सांवळीच आहे, पण नाकीं-डोळीं नीटस’ असें ऐकेल, तर दोहोंपैकीं कशावर तिनें विश्वास ठेवावा? हा विषय प्रामाणिकपणें शिकविला गेला तर तो नटवेपणाचा पाठीराखा होणार नाहीं. उलट नटवेपणाच्या नांवाखालीं चाललेली फसवणूक ओळखण्यास शिकवील.

परदेशांत या कामाकडे कसें पाहतात तेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. अमेरिकेंत परवान्यावांचून हा धंदा करतां येत नाहीं. निरनिराळ्या संस्थानांचे नियम निरनिराळे. कॅलिफोर्नियांत २०२२ पासून १००० तासांचें शिक्षण आवश्यक ठरलें, इलिनॉय संस्थानांत १५०० तासांचें. तेथील कांहीं माध्यमिक शाळांतून विद्यार्थी शालेय शिक्षणाबरोबरच हे तास भरूं लागतात. गुलामगिरींतून सुटलेल्या आईबापांची मुलगी मॅडम सी. जे. वॉकर हिनें कपडे धुण्याच्या कामापासून सुरुवात करून केसांच्या निगेचा मोठा धंदा उभारला आणि १९०८ सालीं पिट्सबर्ग येथें आपल्यासारख्या कृष्णवर्णी स्त्रियांस तें काम शिकविण्यासाठीं शाळा काढली. ज्यांस धुणीभांडीं यांखेरीज दुसरें काम मिळत नव्हतें अशा अनेकींच्या हातीं त्या शिक्षणानें स्वतःची मिळकत आली. इलिनॉयमध्यें तर २०१७ पासून केशभूषा करणाऱ्यांस घरगुती मारहाणीच्या खुणा कशा ओळखाव्या आणि त्या स्त्रीस मदतीची वाट कशी दाखवावी याचाहि पाठ घ्यावा लागतो. कारण उघड आहे. जी गोष्ट स्त्री आईस सांगत नाहीं, डॉक्टरास सांगत नाहीं, ती केस विंचरणाऱ्या बाईस सांगून जाते. ज्या कामांत एवढा विश्वास टाकला जातो तें काम करणारें माणूस अर्धशिक्षित असून कसें चालेल?

तिसरा आक्षेप पुढील शिक्षणाचा. तो मात्र आम्ही हलकासा मानीत नाहीं. आमच्या देशांत हाताचें शिक्षण म्हणजे अभ्यासांत मागें पडलेल्यांची सोय, असा समज खोल रुजला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रस्थानीं ठेवण्याची कल्पना मांडली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभवाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तर २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांस व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हावी असें उद्दिष्ट ठेवलें, आणि सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ बसवावें असें सुचविलें. कल्पना वारंवार मांडली गेली; पण आमच्या घरांनीं ती दर वेळीं दुसऱ्यांच्या मुलांसाठीं उत्तम म्हणून वाखाणली.

तथापि वस्तुस्थिति अशी आहे कीं, नववी-दहावीस हा एक विषय घेतल्यानें गणित, विज्ञान वा भाषा सुटत नाहींत. दहावीनंतर मुलीस कोणत्याहि शाखेकडे जातां येतें. औषधनिर्माण, रसायनशास्त्र, त्वचारोगचिकित्सा या साऱ्या वाटा खुल्या राहतात. नागपूरच्या लेडी अमृताबाई डागा महिला महाविद्यालयानें प्रसाधन-तंत्रज्ञान हा पदवीचा विषय करून दाखविला आहे. ज्या मुलीस खरोखरच या धंद्यांत पडावयाचें आहे तिच्यासाठीं तर आम्ही उलट म्हणूं: तिनें अधिक शिकावें, हिशेब शिकावा, कायदा शिकावा, म्हणजे ती दुसऱ्याच्या दुकानांत अल्प पगारावर राबणार नाहीं.

एवढें म्हटल्यावर शाळांनाहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. विषयाचें नांव वेळापत्रकांत छापलें म्हणजे विषय शिकविला असें होत नाहीं. पालकांनीं विषय नाकारण्यापूर्वीं, आणि स्वीकारण्यापूर्वींहि, शाळेंत जाऊन चार प्रश्न विचारावे. शिकविणाऱ्या बाईंनीं वा गुरुजींनीं हें काम प्रत्यक्ष केलें आहे कीं नुसतें वाचलें आहे? प्रात्यक्षिकाच्या खोलींत वाहतें पाणी, हात धुण्याचें भांडें आणि उपकरणें निर्जंतुक करण्याची सोय आहे काय? मुलांच्या हातीं प्रथम केसांचे पुतळे देतात कीं एकदम एकमेकांच्या चेहऱ्यावर प्रयोग करावयास लावतात? आणि वर्षांतून कांहीं दिवस मुलांस जेथें नेतात तें ठिकाण शिकण्याचें आहे कीं फुकट राबण्याचें? चारहि प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तर संकोच धरूं नये. न मिळालीं तर दोष शाळेच्या कारभाराचा आहे. विद्येचा नाहीं, आणि मुलीच्या आवडीचा तर मुळींच नाहीं.

आम्ही वारंवार ‘मुलगी’ म्हणत आलों, तें घरांतील सभेचें बोलणें तसेंच असतें म्हणून. वास्तविक केस कापणारे हात आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पुरुषांचेच होते. मराठी रंगभूमीवरील रंगभूषेची परंपराहि पुरुषांनींच जोपासली. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत तर स्त्रियांनीं केशभूषा करावी आणि रंगभूषा पुरुषांनींच करावी अशी तेथील कारागिरांच्या संघटनेची रीत अनेक वर्षें चालली; १० नोव्हेंबर २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती घटनाविरुद्ध ठरविली. काम बायकांचें कीं पुरुषांचें, हें त्या कामांत किती मिळकत व किती मान आहे हें पाहून ठरविलें जातें, असा याचा अर्थ. तेव्हां घरांतील मुलास जर या विषयाची गोडी असेल तर त्याला हंसण्याचें कारण नाहीं.

लग्नसराईंत आमच्याच घरांतून वधूच्या रंगभूषेसाठीं महिना-महिना आधीं दिवस राखून ठेवतात, आणि त्या एका सकाळीं जी रक्कम दिली जाते तिची वाच्यता आजोबांपुढें करीत नाहींत. जें काम आम्ही एवढ्या अगत्यानें विकत घेतों तें शिकण्याची इच्छा आमच्या मुलांनीं दाखविली तर लाजावयाचें कशास? आमचें मागणें फार मोठें नाहीं. सर्वांनीं आपल्या मुलींस हाच विषय द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. या विषयाचें नांव घेणाऱ्या मुलीस दाराआडून पुढें बोलवावें, तिला काय शिकावयाचें आहे आणि कां, हें तिच्याच तोंडून ऐकावें, शाळेचें पुस्तक स्वतः चाळावें आणि मग हो किंवा नाहीं म्हणावें. ज्या घरांत पुस्तकांचें कपाट आहे त्या घराकडून एवढी अपेक्षा करणें वावगें होणार नाहीं.